रोलाला ऊन

आमच्या घरात एक माणूस असा आहे, ज्याचे फोटो काढलेले आहेत पण ते कोणी पाहिलेले नाहीत. श्रावण. माझ्या बाबांचा मोठा भाऊ. नात्यानं मी त्याला मोठे बाबा म्हणायला पाहिजे. पण तो एकोणिसाव्या वर्षी मेला आणि मी आता चोवीस वर्षांचा आहे, त्यामुळे आमच्यात मोठं कोण हे अजून ठरलेलं नाही. मी त्याला श्रावण म्हणतो. त्यानं हरकत घेतलेली नाही.

तो राहायचा एका छोट्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत. डबी फडक्यात, फडकं तुरीच्या डाळीच्या पिंपात, आणि पिंप आजीच्या खाटेच्या उशाशी. डबीत फिल्मचा रोल होता, न धुतलेला. बँकेच्या लॉकरमध्ये तो याहून सुरक्षित राहिला असता असं मला वाटत नाही. बँकेत उशाशी आजी नसते.

तर झालं असं की सत्त्याऐंशीच्या थंडीत एक गोरा माणूस सायकलनं देवळीकडून आमच्या गावाच्या रस्त्याला लागला. तो सेवाग्रामला सूत कातायला शिकत होता म्हणे. तो जर्मनीचा की फ्रान्सचा यावर गावात दोन गट आहेत. दोन्ही गट त्याला इंग्रज म्हणतात. आमच्या दारासमोर त्याची सायकल पंक्चर झाली आणि श्रावणनं पंक्चर काढून दिलं. गोरा इतका खूश झाला की त्यानं कॅमेऱ्यात नवा रोल घातला. आधी नुसत्या श्रावणचे फोटो काढले. मग श्रावण आणि आमचा बैल चांद्या, असे दोघांचे. मग त्याला चांद्याच फार आवडला आणि उरलेला रोल त्यानं बैलावर संपवला. शेवटी रोल कॅमेऱ्यातून काढून श्रावणच्या हातावर ठेवला, सोबत एक पिवळा लखोटा. मोडक्या हिंदीत सांगितलं, धुण्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. यात घाल, पोस्टात टाक, परदेशातून रंगीत फोटो घरी येतील. कागदावर नाही, काचेसारख्या चौकोनी तुकड्यांवर. उजेडावर धरून बघायचे.

श्रावण रोज म्हणायचा, उद्या देवळीला गेलो की टाकतो. मग उन्हाळ्यात दुसऱ्याच्या शेतातल्या विहिरीचा गाळ काढायला तो उतरला आणि वरून कड ढासळली. त्याला बाहेर काढलं तेव्हा माणसांनी आजीला त्याचं तोंड बघू दिलं नाही. "पाहू नको, तानाबाई," म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबरच असेल. पण तेव्हा जे तोंड तिनं पाहिलं नाही, ते पाहायचं राहिलंच.

नंतर कितीतरी जणांनी सांगितलं, तो रोल पोस्टात टाका. आजीचं एकच उत्तर. "अन् वापस नाई आला, मंग? येकच तं हाय." यावर पोस्टमनही सायकलवर बसून निघून गेला.

त्यामुळे रोल घरात राहिला आणि घरातल्या नियमांनी राहिला. आमच्याकडं वैशाखात घरातली प्रत्येक वस्तू उन्हात जाते. डाळ, गहू, गोधड्या, मिरच्या. वर्ध्याचं ऊन असं आहे की त्यातून जी वस्तू वाचली तिला पुढं वर्षभर काही होत नाही. कीड लागू नये म्हणून आजी रोलालाही ऊन दाखवायची. अंगणात ओळीनं सगळं मांडलेलं असायचं: गोधडीवर डाळ, डाळीशेजारी मिरच्या, मिरच्यांशेजारी श्रावण. आम्हा पोरांना तिकडं जायची बंदी. दुरून फक्त काळी डबी दिसायची आणि काठी घेऊन बसलेली आजी. ती कावळे हाकलायची आणि श्रावण किती देखणा होता हे सांगायची. राजावानी नाक. राजावानी कपाळ. तिनं राजा पाहिला नव्हता, पण आम्हीही पाहिला नव्हता.

मागच्या थंडीत आजीच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी सोडली तेव्हा समोर मी उभा होतो. तिनं मला बराच वेळ पाहिलं.

"रुतिक, तू असा दिसते?"

"हो आजी."

"मले वाटलं थोडा बरा असशीन."

माझ्या तोंडाबद्दल घरात आधीपासून एक मत होतं. ते माझ्या आईच्या माहेरावर गेलं आहे, असं आजी लोकांना बोलावून सांगायची. आता तिला पुरावा मिळाला. परत येताना आम्ही बसमध्ये होतो. पुलगाव गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता सारं दिसते. येकच नाई दिसत."

"काय?"

"श्रावण. आठवाले गेली की नागसेनचं तोंड येते. नाई तं तुयं. त्याचं येतच नाई. डोये खराब होते तवा वाटे, डोयाचाच दोष हाय. आता डोये बी झाले." नागसेन म्हणजे माझे बाबा. थोड्या वेळानं तिनं माझं मनगट धरलं. "मरायच्या पहिले येकदा दाखव. तू फोटोच्याच दुकानात असतं ना?"

असतो. देवळीच्या बसस्टँडजवळ नीलेशभाऊंच्या स्टुडिओत. पासपोर्ट साईज, लग्न, मुंज, मतदार यादीची दुरुस्ती आणि मोबाईलचे कव्हर. माझं खास काम म्हणजे कोट घालणं. लोक बनियनवर येतात, त्यांना फोटोत कोट हवा असतो. आमच्याकडं कोटाचे तयार फोटो आहेत, टायसकट. मी गिऱ्हाइकाचं मुंडकं कापतो आणि कोटावर बसवतो. देवळी तालुक्यातली अर्धी माणसं सरकारदरबारी एकाच कोटात आहेत.

आजीनं रोल दिला तो दोन्ही हातांनी. मी तो नीलेशभाऊंसमोर ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"अबे, हे तं डब्बा हाय. ही फिल्म बंद झाली, मंग औषध बंद झालं, मंग मशीन बंद झाली. आता कोनी नाई धुवत."

"कायीच नाई होऊ शकत?"

"होते ना. मले दे. प्री-वेडिंगले घेऊ. सारी फिल्म वढून काढू, नवरी गळ्यात गुंडायन, नवरदेव तिच्यातून सूर्याकडं पाह्यन. येकदम रेट्रो."

"भाऊ, याच्यात माहा मोठा बाप हाय."

नीलेशभाऊंनी विचार केला. "मंग नवरीले नको सांगू," म्हणाले.

मी इंटरनेटवर विचारलं. जगभरात अशा बंद पडलेल्या फिल्म घेऊन बसलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांचा एक ग्रुप आहे. मी लिहिलं, जुना रंगीत स्लाईडचा रोल आहे, आत माणूस आहे, काय करू? एकानं सांगितलं, फ्रिजमध्ये ठेव. एकानं सांगितलं, न धुता चौकटीत लाव, वस्तू म्हणून फार सुंदर असते. एक बाई अशा रोलांचे झुमके करते, तिनं झुमक्यांचा फोटो पाठवला. झुमके चांगले होते. एकानं नुसतं तुटलेलं हृदय टाकलं. शेवटी नागपूरहून एका रक्षा नावाच्या मुलीनं लिहिलं, "घेऊन ये. प्रॉमिस काही नाही."

रक्षा आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि रविवारी बाथरूमच्या खिडकीला काळं प्लास्टिक लावून लोकांच्या फिल्म धुते. तिनं रोल हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "रंगाचं विसर."

"काऊन?"

"कारण या फिल्ममध्ये रंग नसतोच. दुसऱ्या फिल्ममध्ये असतो. हिच्यात नुसते काळे-पांढरे थर. रंग धुताना घालायचे, एकेका थरात. म्हणून तर ती कंपनीकडंच पाठवावी लागायची. जगातलं शेवटचं मशीन २०११ च्या सुरुवातीला बंद झालं."

मी सांगितलं की त्याच वर्षी आमच्याकडं रंगीत टीव्ही आला. तिनं याची नोंद घेतली नाही.

रंगाचं मला वाईट वाटलं, कारण आमच्या घरात त्यावर वाद होता. आजी म्हणायची, फोटोत श्रावणनं निळा शर्ट घातला होता, दीक्षाभूमीला जाण्यासाठी शिवलेला. बाबा म्हणायचे, चौकडीचा होता. बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते, म्हणून त्यांचं कोणी धरत नसे. दोघांचंही ठरलं होतं की रोल धुतला की कळेल. म्हणजे आजीनं डाळीत इतकी वर्षं जो निळा जपला होता, तो तिथं कधी नव्हताच. तो परदेशातल्या एका बाटलीत होता.

"काळं-पांढरं कदाचित निघेल," रक्षा म्हणाली. "ठेवला कुठं होता?"

"डाळीत."

"ठीक. थंड, अंधार. आणि उन्हाळ्यात?"

"उन्हात."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग डबी उघडून रोल दिव्याखाली धरला. रोलाच्या फटीतून फिल्मची जीभ बाहेर आली होती. ती वाळलेल्या आमसुलासारखी वळली होती आणि रंगानंही साधारण तशीच होती.

"ही अशी कशानं झाली? डबीत असताना असं होत नाही. यार, डबी कोणी उघडली होती का?"

मी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आजीनं उचलला, कारण ती दोन तास फोनशेजारीच बसली होती.

"आजी, वैशाखात रोलाची डबी उघडत होती काय तू?"

"उघडल्याबिगर उन्ह कसं लागन?"

"अन् आतला रोल?"

"तो बी काढो ना मी. त्याले जीभ हाय नाई का, तिले धरून वढो हातभर. लय नाई, हातभरच. सारा दिवस उन्ह दाखवो, मंग बोटानं फिरवून वापस आत."

"दरसाल?"

"येक साल नाई चुकवला," आजी म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "तुया बापाचं लगन होतं त्या साली बी नाई. म्हनून तं कीड नाई लागली. काऊन, निंघला काय चांगला?"

"पाहून राह्यलो," मी म्हणालो.

"त्या पोरीले म्हन, सांभाळून काढजो."

रक्षानं फोनकडं बघून मान हलवली, जणू आजीला दिसणार होतं. मग मला विचारलं, "हातभर म्हणजे किती?" मी कोपरापासून बोटापर्यंत दाखवलं. तिनं एक जुनी फिल्म माझ्या हातावर ठेवून मोजली. "सुरुवातीचे आठ-नऊ फोटो," म्हणाली. "ते गेले. त्यातून काही येणार नाही. आतलं बघू."

सुरुवातीचे कोणाचे होते ते मला तोंडपाठ होतं. वैशाखात आमच्या अंगणात ते रोज सांगितलं जायचं. आधी नुसता श्रावण. मग श्रावण आणि चांद्या. मग चांद्या.

तिनं तरीही धुतलं. फिल्मच्या पाठीवर काळा लेप होता, तो तिनं बाथरूमच्या नळाखाली बोटानं चोळून काढला. बादलीत काळं पाणी झालं. ओली फिल्म दोरीवर टांगली, तिच्या दोन टॉवेलांच्या मध्ये, आणि आम्ही खाली बसून वर पाहू लागलो.

बैल आला. बैल फार चांगला आला. उष्णतेनं सगळं थोडं धुरकट होतं, पण पांढरा बैल त्यातूनही आला. चांद्या डावीकडून, चांद्या उजवीकडून, चांद्याची शिंगं, चांद्याचं शेपूट, चांद्या कॅमेऱ्याकडं बघताना, चांद्याचा कॅमेऱ्यातला रस संपल्यावर. सुरुवातीच्या हातभर फिल्मवर काही नव्हतं, नुसती काळी पट्टी. उन्हानं जळालेली फिल्म धुतल्यावर काळीच होते, आणि छापली की पांढरी, असं रक्षानं सांगितलं.

पट्टी जिथं संपत होती तिथं अर्धा फोटो होता. गोऱ्यानं तेवढ्याला कॅमेरा उभा धरला होता. त्यामुळे ऊन फोटोच्या वरच्या अंगानं उतरत आलं होतं आणि माणसाच्या छातीवर येऊन थांबलं होतं. खाली अनवाणी पाय. गुडघ्यापर्यंत वर केलेला पायजमा. एक हात चांद्याच्या वशिंडावर. छातीपर्यंतचा शर्ट. त्याच्या वर काही नाही.

"आणखी अर्धी वीत कमी ओढला असता तर," रक्षा म्हणाली, आणि फिल्मचा चिमटा नीट केला. ती चांगली मुलगी आहे. तिनं फोटो स्कॅन करून छापूनही दिले, पण पैसे घ्यायला तयार नव्हती. मी तिला एक बैलाचा फोटो ठेवून घे म्हटलं.

शर्ट चौकडीचा होता. बाबा आयुष्यात पहिल्यांदा आजीविरुद्ध काहीतरी जिंकले होते.

ते मला देवळीच्या बसस्टँडवर घ्यायला आले होते. मी त्यांना टपरीच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी फोटो पाहिला. पायांवर अंगठा फिरवला. डोळे पुसले नाहीत, कारण हातात चहा होता.

"आईले नाई सांगायचं," म्हणाले.

"काय नाई सांगायचं?"

"उन्हाचं. तिनंच रोल जाळला हे नाई सांगायचं. आई मरून जाईन."

"मंग दाखवायचं काय? तिले तोंड पाह्यजे, बाबा."

बाबांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "तू लोकायले कोट घालतं ना?"

"हो."

"मंग याले तोंड घाल."

"कोनाचं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला कळलं. मी विचारलं, तुम्हाला त्याचा चेहरा थोडातरी आठवतो का. बाबांना हनुवटी आठवत होती. श्रावण त्यांना सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचा, म्हणून त्यांनी भावाला आयुष्यभर खालून पाहिलं होतं. "हनुवटी अन् नाकाचे भोकं," ते म्हणाले. एवढ्यावर चेहरा होत नाही.

म्हणून आम्ही चिंधूआबांकडं गेलो. विहिरीतून श्रावणला काढणाऱ्यांपैकी आता तेवढेच उरलेत. आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी विचारलं, श्रावण कसा दिसायचा? त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"तुयासारखाच," म्हणाले. मग एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि चावून झाल्यावर म्हणाले, "पन चांगला."

बाबांनी पहिला शब्द ऐकला. दुसऱ्या वाक्यावर मीही फार विचार केला नाही. आपल्या तोंडाविषयी असं ऐकायची मला सवय आहे.

सोमवारी दुपारी नीलेशभाऊ जेवायला गेले तेव्हा मी दुकानामागच्या अंगणात उन्हाकडं तोंड करून उभा राहिलो आणि स्वतःचा फोटो काढला. दाढी काढली होती, मिशी बारीक केली होती, केसांना तेल लावून भांग पाडला होता. मग कॉम्प्युटरवर बसलो. आजवर खरी मुंडकी खोट्या कोटांवर बसवली होती. पहिल्यांदाच खोटं मुंडकं खऱ्या माणसावर बसवत होतो. मान जुळेना. श्रावणची छाती माझ्यापेक्षा रुंद होती, हात मोठे होते. विहिरी खणणाऱ्याचे हात आणि कोट घालणाऱ्याचं डोकं. मी माझं डोकं थोडं मोठं केलं. गळ्याशी सावली दिली. चौकडीला निळा रंग भरला, म्हणजे आजीचा निळा राहिला आणि बाबांची चौकडी राहिली. मातीला मातीचा रंग दिला. चांद्याला हात लावला नाही. त्याला गरज नव्हती.

नीलेशभाऊ परत आले आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "वा बे. हा तुया मोठा बाप?"

"हो."

"तुयावर गेला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आजीनं चष्मा लावला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. माझी आई, रीता, चुलीवरचा चहा सोडून दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. बाबा आजीच्या मागं उभे राहिले, म्हणजे आजीला त्यांचं तोंड दिसू नये.

आजीनं फोटो खालून वर पाहिला. आम्हाला ते अपेक्षित नव्हतं.

"पाय त्याचे," ती म्हणाली. "अंगठा पाह्य. खंदताना कुदय लागली होती. मी हयद भरली होती." मग बोट वर सरकलं. "हात त्याचाच. असाच ठेवे तो चांद्यावर." बोट आणखी वर. "निळा! पाह्य नागसेन, निळाच हाय का नाई?"

"हो आई," बाबा मागून म्हणाले. "चौकडी बी हाय."

"असन थोडीशी."

मग बोट गळ्याच्या सावलीवरून वर गेलं आणि थांबलं. आजी माझ्या तोंडाकडं बघू लागली. मी शेजारी उभा होतो, पण ती फोटोतल्याकडं बघत होती. इतका वेळ की चुलीवरचा चहा उतू गेला आणि कोणी हललं नाही. तिला फसवणूक कळेल अशी मला भीती होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"असा होता काय?" ती हळू म्हणाली.

तिनं चष्मा काढून पुन्हा लावला.

"मले वाटे, लय देखना होता."

"आई, उन्हाकडं तोंड होतं ना त्याचं," बाबा म्हणाले. "उन्हात कोनाचं बी तोंड..."

"नाई रे. फोटो काऊन खोटं बोलन?" तिनं फोटो थोडा दूर धरून पाहिला, मग जवळ. दोन्हीकडून मीच होतो. "मायचं मन असते. मायले वाटते. लोकायले बी सांगत राह्यली मी, राजावानी, राजावानी. लोकं हासत असन."

मग तिनं दाराकडं पाहिलं. "रीता, इकडं ये वं बाई."

आई आली.

"या रुतिकच्या तोंडासाठी मी तुया माहेरले इतके साल बोलली. हे तं आमच्याच घरचं निंघालं. माफ कर मले."

आई रडायला लागली. आजीला वाटलं, माफीमुळं. तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि फोटो पालथा करून मांडीवर ठेवला. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सांगायचं म्हणजे पुढं उन्हाचंही सांगावं लागलं असतं, आणि बाबा आजीच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत होते.

मग मी पिशवीतून बैलाचे फोटो काढून दिले. ते काळे-पांढरे होते. आजीच्या चेहऱ्यात जीव आला.

"चांद्या! अगा माय, अगदी तसाच! पाह्य त्याचा डोया. पाह्य कसा पाह्यते." तिनं एकेक फोटो डोळ्यांना लावला. "याचा येक मोठा करून आन."

आता आमच्या भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत आणि त्यांच्या बाजूला, जरा खाली, चांद्या आहे. श्रावण आतल्या खोलीत आहे, हार घालून. म्हणजे पाय आणि हात त्याचे, हार माझ्या गळ्यात. पौर्णिमेला आई माझ्यासमोर मेणबत्ती लावते आणि नंतर मला चहा देते. पाहुणे येतात, फोटो बघतात, मला बघतात आणि म्हणतात, रक्त लपत नाही. मी हो म्हणतो. चिंधूआबा एकदा येऊन गेले. फोटोसमोर उभे राहिले, मग बाबांकडं बघितलं, मग चहा न घेता निघून गेले.

यंदा वैशाखात ऊन नेहमीसारखंच पडलं. सकाळीच आजीनं अंगणात गोधड्या घातल्या, त्यावर डाळ पसरली, शेजारी मिरच्या. काठी घेऊन बसली. शेजारच्या काजलची पोरं जमली, तर तिनं त्यांना गोष्ट सांगितली. चांद्याची. तो एकदा दावं तोडून एकटाच घरी कसा आला होता, ती. पोरांनी विचारलं नाही, आणि तिनंही दुसऱ्या कोणाचं नाव काढलं नाही. काळी डबी तिच्या कमरेला होती. तिच्यात आता ती तपकीर ठेवते.

मी आत गेलो, खिळ्यावरून फोटो काढला आणि बाहेर आणून मिरच्यांशेजारी ठेवला. पूर्वी आजी रोल ठेवायची तिथं. का ते मला सांगता येणार नाही.

आजीनं काठीनं चौकट थोडी बाजूला सरकवली. चौकटीची सावली डाळीवर पडत होती.

"हे काऊन आनलं?"

"ऊन दाखवाले."

"त्याले काय गरज हाय?" ती म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "ने आत. इथं जागा अडते."

मी नेला. खिळ्याला लावला, हार सरळ केला. बाहेर आजी कावळे हाकलत होती.